पोचवायला आलेल्यांचा डबा

जगात मुद्दाम सावकाश हाकली जाणारी एक्सप्रेस तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. नुसती पाहिली नाही, तिच्यापायी माझा संसार गेल्या एप्रिलपासून दोन पाळ्यांत चाललाय.

मी प्रमोद बोत्रे. एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत कंट्रोलर होतो. पहाटे साडेचारची सासवड, पाच चाळीसची जेजुरी, रात्री नऊ दहाची भोर. मला घड्याळ लागत नाही, मी वेळ गाडीच्या नावानं ओळखतो. गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली तरी मी डेपो डोक्यावर घ्यायचो. असा माणूस मी. तेव्हा स्वारगेटच्या पोटातून निघून पुरंदरच्या विमानतळावर जाणारी नवी एक्सप्रेस एकोणीस मिनिटांत पोचू शकते, पण मुद्दाम अडतीस मिनिटं घेते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खिडकीतल्या माणसाशी कडाकडा भांडलो.

"एक्सप्रेस म्हणता आणि बैलगाडीसारखी हाकता?"

तो शांतपणे म्हणाला, "काका, गाडी पोचायला एकोणीस मिनिटं लागतात. माणूस पोचायला अडतीस."

मला वाटलं, शहाणपणा करतोय. घरी येऊन त्यांचं पत्रक वाचलं, तीनदा वाचलं, तेव्हा कुठं थोडं डोक्यात शिरलं.

आपल्या मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा एक पुंजका असतो. वीसेक हजार पेशी. प्रत्येक पेशी म्हणजे एक घड्याळ. पण त्या सगळ्या एकमेकींचं ऐकत एकाच ठेक्यात चालतात, गणपतीतल्या ढोलपथकासारख्या. झोप, भूक, अंगातली ऊब, सगळं त्या ठेक्यावर. म्हणून होतं काय, माणूस विमानातून व्हँकुव्हरला उतरतो, पण आतलं पथक आठ-दहा दिवस पुण्याचाच ठेका बडवत बसतं. भर दुपारी झोप आणि मध्यरात्री भूक.

यावर शोध निघाला तो असा. आधी एक गोळी चघळायची. ती या पेशींचे कान तासाभरापुरते बंद करते. ऐकू येईनासं झालं की पथक विस्कटतं. मग गाडीच्या छतातून निळसर उजेडाचे चमके सुरू होतात. इतके बारीक की डोळ्याला खुपत नाहीत, पण डोळे मिटले तरी पापणीतून आत जातात. ते चमके नवा ठेका देतात. अडतीस मिनिटांनी पेशींचे कान उघडायला लागतात आणि पथक नव्या गावाच्या वेळेवर वाजू लागतं. जाणाऱ्या गाडीत तुम्ही जाणार त्या गावची वेळ, गावागणिक वेगळा डबा; येणाऱ्या गाडीत सगळीकडं पुण्याची. विमानात बसायच्या आधीच माणूस आतून पोचलेला असतो.

शोध लावणारे हुशारच म्हणायचे. पण त्यांच्याकडं माणूस विमानतळावर एकटा जात असणार. आपल्याकडं जातो का?

आमची प्रांजल पाडव्याला आली होती आणि एप्रिलच्या मध्यावर व्हँकुव्हरला परत निघाली, तेव्हा तिला पोचवायला आम्ही सतरा जण होतो. माझ्या दोन बहिणी, त्यांची मंडळी, माझा मेहुणा, वरच्या मजल्यावरच्या फडतरे वहिनी, आणि एक पाहुणा, जो कुणाचा कोण ते मला अजून कळलेलं नाही. सहाव्या डब्यावर ठळक पाटी होती: 'पोचवायला आलेल्यांसाठी'. त्या डब्यात चमके नाहीत, गोळी नाही, साधे दिवे. मी कंट्रोलर माणूस. पाटी दिसली की पाळायची. डोकी मोजून सगळ्यांना आत घातलं तर सोळाच भरली.

मीनाक्षी, माझी बायको, दुसऱ्या, व्हँकुव्हरच्या डब्यात लेकीच्या शेजारी जाऊन बसली होती. मी खिडकीवर टकटक केली. ती आतून म्हणाली, "शेवटची अडतीस मिनिटं आहेत, अहो. मी हिच्याजवळच बसणार. तुम्ही जा तुमच्या पाटीखाली."

गोळी दिली तीही तिनं घेतली. नंतर विचारलं तर म्हणाली, "सगळे अंगठा टेकवून घेत होते, मीही टेकवला. मला वाटलं, विमानात देतात तशी चॉकलेटाची असेल."

त्या दिवशी रात्री अकराला आमच्या घरात कपाटं आवरली गेली. एकला माळा निघाला. मी पांघरुणातून ओरडलो, "अगं, झोप की!" तर म्हणाली, "मला तर सकाळ झाल्यासारखं वाटतंय." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पोह्यांची ताटली हातात असतानाच ती आडवी झाली. ती झोप मी जन्मात विसरणार नाही. हलवलं, पाणी शिंपडलं, मिक्सर चालवला. ढिम्म. प्रांजल तिकडं सुखरूप उतरल्याचा फोन आला, तोही हिनं घेतला नाही. घाबरून गाडीवाल्यांना फोन लावला तर तिथली मुलगी म्हणाली, "काका, ही पहिली झोप. नवा ठेका पक्का बसतो त्या झोपेत. दहा तास नगारे वाजवलेत तरी उठायच्या नाहीत. त्यानंतर नेहमीसारखी झोप. सात दिवसांत या, आम्ही परत फिरवून देतो."

सात दिवस गेले. मीनाक्षी म्हणत राहिली, "नंतर बघू."

का, ते मला एका पहाटे कळलं. साडेचारच्या सासवडीला मी सवयीनं उठलो तर ही स्वयंपाकघरात बसलेली. पोह्यांच्या डब्याला फोन टेकवलेला, आणि फोनमध्ये प्रांजल सोफ्यावर आडवी. तिच्याकडं संध्याकाळचे चार. दोघी बोलत नव्हत्या. ही लसूण सोलत होती, ती छताकडं बघत होती. मधेच प्रांजल म्हणाली, "आई, आहेस ना?" ही म्हणाली, "आहे." एवढंच.

गेल्या वर्षी प्रांजलचं एक गेलं होतं. पाचव्या महिन्यात, भर दुपारी, घरात एकटी असताना. आता चौथा चालू होता आणि तिथल्या डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. जावई, अभिषेक, सकाळी सातला जातो तो संध्याकाळी सहाला येतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तर तिला प्रवासाची बंदी आली. हिनं जावं, तर हिचा व्हिसा दोनदा परत आला. तिच्या दिवसाला सोबत हवी होती. आणि तिचा दिवस म्हणजे आपली रात्र, साडेबारा तासांचा फरक.

"पासपोर्टावर शिक्का नाही मिळाला," मीनाक्षी म्हणाली, "पण तिथलं घड्याळ तर मिळालं. तिचं बाळंतपण होईपर्यंत मी ते परत करणार नाही."

चार महिने म्हणजे चार महिने असतात हो. ती संध्याकाळी साडेसातला उठणार, सकाळी साडेदहाला झोपणार. मी पहाटे उठणार, दहाला झोपणार. दिवसा मिक्सर बंद, टीव्ही बंद, कुकरची शिट्टी झाली की माझा जीव वर. एकाच पलंगावर आम्ही पाळीपाळीनं झोपायचो. रात्री मी, दिवसा त्याच जागेवर ती. समोरासमोर यायचो ते सकाळी आणि संध्याकाळी काही तास, तेव्हा एकाला दिवस उजाडलेला आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर झापड. फडतरे वहिनी जिन्यात विचारायच्या, "मीनाक्षीताई बऱ्या आहेत ना? दिसतच नाहीत." मी म्हणायचो, परगावी आहे. ते खोटंही नव्हतं.

मला ती हवी होती. बस्स, इतकी साधी गोष्ट होती. पण ती तोंडातून निघेल तर शपथ! मी काय म्हणायचो? "हे तब्येतीला बरं नाही." "लोक काय म्हणतील?" एकदा मला वाटलं, मी बिनतोड मुद्दा काढलाय. म्हणालो, "तू पुण्याच्या वेळेवर आलीस तर तिच्या रात्री जागी राहशील. बाळ रात्रीच रडतं."

ती म्हणाली, "रात्री अभिषेक असतो. दुपारी कुणी नसतं."

झालं. मुद्दा खलास.

ऑगस्टात, प्रांजलला आठवा सरत आला असताना, मला ती दुर्बुद्धी सुचली. फडतरे वहिनींची सून व्हँकुव्हरला निघाली होती. आपल्याकडं कुणी चाललं की त्याच्याबरोबर दोन पिशव्या जातातच. मीनाक्षीनं डिंकाचे लाडू केले होते, अळीव बांधले होते, आणि चार महिन्यांच्या त्या उलट्या रात्रींत तिच्या आईच्या दोन मऊ सुती साड्यांची गोधडी शिवली होती. चांगली सहा पदरी. सूनबाई परस्पर विमानतळावर येणार होती, भेट दुपारी बाराला ठरली. म्हणजे मीनाक्षीची रात्र. ती पेंगुळलेली असणार. आणि येताना आम्ही येणाऱ्या गाडीत असणार. माझं मन म्हणालं, बोत्रे, हीच फेरी.

जाताना सहाव्या डब्यात बसलो. विमानतळावर सूनबाईनं लाडू घेतले, अळीव घेतले, आणि गोधडी हातात तोलून परत दिली. "काकू, खरंच वजन होतंय हो." मीनाक्षीचं तोंड एवढंसं झालं. तिनं गोधडी छातीशी धरली. उभ्या उभ्या तिचे डोळे मिटत होते. मी तिला दंडाला धरून फलाटावर आणलं आणि दुसऱ्या डब्यापाशी नेलं.

दारात तेजल नावाची मुलगी होती, गाडीची सेविका. ती प्रत्येकाच्या जिभेला कागदाची एक पट्टी लावायची. थुंकीवरून आतलं घड्याळ किती वाजवतंय ते तिच्या यंत्रावर उमटायचं. मीनाक्षीची पट्टी बघून ती हसली. "व्हँकुव्हरहून? प्रवास कसा झाला, काकू?"

मीनाक्षी अर्धवट झोपेत म्हणाली, "बरा झाला."

"संमतीचा अंगठा लागेल त्यांचा."

"मी त्यांचा नवरा आहे," मी म्हणालो.

"तसं चालत नाही काका, त्यांचाच लागतो."

मी बायकोचा अंगठा धरून त्या काचेवर टेकवला. ती पुटपुटली, "कशाला हो?" मी म्हणालो, "तिकिटाला." मग खुर्चीच्या कप्प्यातली गोळी काढून तिच्या तोंडात दिली. तिला गाडी लागते, मी नेहमी खिशात आलेपाक ठेवतो. म्हणालो, "आलेपाक आहे, चघळ." तिनं लहान मुलीसारखं तोंड उघडलं. बारा चाळीसला गाडी सुटली तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, चार महिन्यांत पहिल्यांदा. छतातून निळे चमके सुरू झाले. मला गाडीवाल्यांनी चमके अडवणारा काळा चष्मा दिला होता. तो लावून मी बसलो आणि स्वतःला सांगत राहिलो, सगळ्यांच्या भल्याचंच आहे.

एक वाजायला एक मिनिट असताना तिच्या पिशवीतला फोन वाजला. प्रांजल. तिच्याकडं रात्रीचे साडेबारा. मी घेतला.

"पप्पा? आई झोपलीय ना? उठवू नका तिला." ती मधेच थांबली, श्वास घेतला. "मला कळा सुरू झाल्यात. महिना आधीच. अभिषेक गाडी काढायला गेलाय. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, उद्याचा अख्खा दिवस जाईल."

"मी उठवतो आईला..."

"नको! आत्ता मला अभिषेक आहे. तिला पुरती झोपू द्या. मला ती उद्या दिवसा हवीय, पप्पा. आई समोर असली की मला भीती वाटत नाही. उद्या दिवसभर असेल ना ती?"

"असेल," मी म्हणालो.

फोन बंद झाला. हिशेब मला करावा लागला नाही, एकतीस वर्षांच्या सवयीनं तो आपसूक झाला. आज रात्री दहाला मीनाक्षीला पुण्याची पहिली झोप लागणार. दहा ते सकाळी आठ, दगड. म्हणजे तिथले सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसात. पोरीचा दिवस. अख्खाच्या अख्खा.

"तेजल!" मी ओरडलो. "हे थांबव. हिचं बंद कर."

ती धावत आली. "अख्ख्या डब्याचा उजेड आहे काका, एका खुर्चीचा नाही बंद होत. आणि मधली दारं आता स्वारगेटलाच उघडतात. का, काय झालं?"

"अर्ध्यात सोडलं तर काय होतं?"

"अर्ध्यात कुणी सोडत नाही." मग माझा चेहरा बघून हळू म्हणाली, "ठेका मधेच कुठंतरी अडकेल. कुठं, ते सांगता येणार नाही."

मधे तर मधे. माझा काळा चष्मा कडेनं उजेड आत सोडत होता, गोळी घेतलेल्या माणसाला तो पुरणार नव्हता. मी मीनाक्षीच्या मांडीवरची गोधडी ओढली, चार घड्या घातल्या आणि तिच्या डोळ्यांवर दोन्ही हातांनी दाबून धरली. एकोणीस मिनिटं झाली होती. एकोणीस उरली होती. म्हणजे गाडी साधी असती तर एव्हाना स्वारगेट आलं असतं, आणि मी मनातल्या मनात त्या शास्त्रज्ञांच्या नावानं खडे फोडले. पण अंगठा काही त्यांनी टेकवला नव्हता.

ती जागी झाली. "अहो, अंधार का झाला?"

"माझे हात आहेत. हलू नकोस."

"कुठला डबा आहे हा?"

मी गोधडी आणखी घट्ट दाबली.

"अहो, कुठला डबा?"

"दुसरा."

गोधडीखालून ती म्हणाली, "आलेपाक नव्हता तो."

"नव्हता."

"तरीच गोड कमी लागला." आणि मग आवाज बदलला. "काय केलंत तुम्ही हे?"

मी सगळं सांगितलं. अंगठ्याचंही. आणि मग प्रांजलचा फोन. ती ताडकन उठायला लागली, मी खांद्यानं तिला खुर्चीत दाबली. "मीने, आत्ता उजेड डोळ्यांत गेला तर रात्री दहाला तू दगड होशील. तिचा दिवस चालू असेल आणि तू नसशील. बसून राहा. मला शिव्या नंतर घाल."

ती बसली. गोधडीची कड तिनं स्वतःच नाकापर्यंत ओढली.

"मला विचारायचं होतं ना एकदा," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग नाही ऐकायचं होतं. चार महिने तुम्ही मला सांगताय, तब्येत, लोक, फडतरे वहिनी. ये परत, मला करमत नाही, असं एकदा तरी म्हणालात?"

"करमत नाही मला," मी म्हणालो. आवाज जरा मोठा निघाला असणार, कारण पुढची चार डोकी वळली. "अजिबात करमत नाही. जेवण जात नाही. तुझी चाहूल लागावी म्हणून मी मुद्दाम भांडी आपटतो."

"माहितीये. माझी झोप मोडते." मग थोड्या वेळानं, "डावीकडून उजेड येतोय. नीट धरा."

मी नीट धरली. माझे दंड भरून आले, बोटं बधिर झाली, पण स्वारगेटपर्यंत हात काढला नाही.

फलाटावर तेजलनं पुन्हा पट्टी लावली आणि यंत्राकडं बघत राहिली. "काकू, तुम्ही आत्ता अटलांटिक महासागरात आहात. या वेळेचं गावच नाहीये." झोप कधी येईल, ते तिला सांगता येईना. "आज रात्री येईल, पहाटे येईल. पण येईल ती पहिली झोप. मग काही इलाज नाही." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हे.

संध्याकाळी साडेसातला फोन पोह्यांच्या डब्याला टेकला. तिकडं अभिषेकनं दवाखान्याच्या खिडकीत फोन ठेवला होता. प्रांजलनं विचारलं, "आई, आहेस ना?" मीनाक्षी म्हणाली, "आहे." आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर मला झेपली नाही, मी चहा ठेवायला वळलो.

नऊ दहाची भोर गेली. ती जागी. पावणेदहाला तिनं जांभई दिली. मी तिला उभं केलं, तोंडावर पाणी मारायला लावलं. दहा वाजले. सव्वादहा. डोळे टक्क उघडे. अकरा. मी कुणाला नवस बोललो ते सांगत नाही, पण बोललो. लेक ओरडायची, ही म्हणायची, "श्वास घे, लांब घे, मी मोजते," आणि मोजायची. मी तिच्या पाठीशी खुर्ची टाकून बसलो होतो. कधीतरी माझाच डोळा लागला. पहाटेच्या सासवडीच्या आधी सवयीनं जाग आली, आणि बघतो तर मीनाक्षी तशीच ताठ बसलेली, मोजतेय.

चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. लहानशी, लाल, आणि आवाज मात्र डेपोच्या भोंग्यासारखा. प्रांजल रडत होती, अभिषेक रडत होता, मीही. मीनाक्षीनं गोधडी उचलून फोनसमोर धरली. "हिच्यासाठी आहे ही," ती म्हणाली. "येईल कुणाबरोबर तरी." प्रांजल म्हणाली, "आई, तिकडं किती वाजलेत गं?" दोघींनी माझ्याकडं बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पटकन सांगता आलं नाही.

पाचला दहा कमी असताना मीनाक्षी बसल्या जागी झोपली. ती पहिली झोप. मी गोधडी तिच्याच अंगावर घातली.

त्याला आता दोन महिने झाले. ती दुपारी एकच्या सुमारास उठते, पहाटे पाचच्या आत झोपते. माझं जेवण तो तिचा नाश्ता. दुपार माझी, रात्र लेकीची. लोक म्हणतात, बरं जमलं की तुमचं. जमलं का? मला कळत नाही. जे मी चोरीनं करायला गेलो त्याचं निम्मं फळ रोज दुपारी माझ्या समोर बसून चहा पितं, आणि मला त्याचा आनंद होतो, आणि आनंद झाला की लाज वाटते. त्या दिवशी फोन एकोणीस मिनिटं उशिरा आला असता तर? हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

नातीचं नाव अजून ठरायचंय. डॉक्टर म्हणतात, बाळाच्या डोक्यात तीन महिने घड्याळच नसतं. ढोल असतात, ठेका नसतो. म्हणून ती केव्हाही उठते, केव्हाही झोपते, आणि फोनमध्ये आजी-आजोबा दोघांनाही सारख्याच आश्चर्यानं बघते. आम्हा सगळ्यांत तिचं तेवढं बरं चाललंय.

गाडीवाल्यांनी कळवलंय, काकूंना हवं तिकडं पुरतं फिरवून देतो, पुण्याला किंवा व्हँकुव्हरला. त्या दिवसानंतर मीनाक्षी मला ओरडली नाही की रुसली नाही. फक्त इतकंच म्हणाली, "एकदा विचारून भागणार नाही. रोज विचारायचं." म्हणून मी रोज विचारतो. दुपारी एकला चहाचा कप पुढं ठेवतो आणि म्हणतो, "मीनाक्षी, मला करमत नाही. येतेस का परत?"

ती चहा फुंकत माझ्याकडं बघते, आणि दर वेळी तेच उत्तर देते. "उद्या विचारा."

मी उद्या विचारतो. पण खरं सांगू? ती म्हणते तो उद्या तिचा की माझा, हे मला अजूनही कळलेलं नाही.